तिथीचं पाणी

"आज दशमी. सकाळी साडेसातला भरून गेलं असणार. आता खडक उघडे पडले असतील," मामंजी म्हणाले, घोंगडी झटकून जमिनीवर अंथरली, कुशीवर वळले आणि पाहता पाहता घोरायलाही लागले. मी बसमध्ये खायला धपाटे बांधत होते. फडक्याची गाठ मारता मारता माझा हात थांबला. तुळजापूर म्हणजे बालाघाटाच्या कड्यावर बसलेलं गाव. इथे भाद्रपदातही घागर डोक्यावर घेऊन चढ चढावा लागतो, आणि समुद्र इथून एक बस आणि एक रात्रभराची आगगाडी इतका लांब. आणि इथे माझे सासरे दुपारी जेवून लवंडताना मुंबईतल्या आमच्या वेसाव्याच्या खाडीची ओहोटी मोजत होते. आपण काय बोललो हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही. जिभेवर आलं आणि सुटलं. पण गेले तीन दिवस हेच मामंजी मला एकच वाक्य ऐकवत होते, की मी आता इथेच राहणार, तुम्ही नवमी उरकून एकट्याच जा. मी मान खाली घालून हो म्हणत होते, कारण सासऱ्याशी वाद घालायचा नसतो, आणि घातला तरी उपाध्याशी तर नाहीच नाही. चार पोथ्या पाठ असलेला माणूस कुठून श्लोक काढील सांगता येत नाही. आता मात्र मला धीर आला. माणूस इथे निजला होता आणि त्याचं मन तिकडे चिखलात कललेल्या होड्यांपाशी बसलं होतं. बस संध्याकाळची होती. म्हणजे हाताशी एक दुपार होती, आणि ती दुपार मामंजी झोपून घालवत होते.

मामंजी म्हणजे दत्तोपंत, भवानीचे उपाध्ये. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान. नगर, विजापूर, कुठून कुठून माणसं देवीला यायची, ती थेट आमच्या दारात उतरायची. वरची माडी त्यांच्यासाठीच बांधलेली. आंघोळीला पाणी, जेवायला पुरणपोळी, निजायला अंथरूण, सगळं उपाध्याच्या घरी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सतरा माणसं उतरली होती आणि सासूबाईंनी माझ्या हातात परात देऊन सांगितलं होतं, की या घरात सुनेला लाजायला सवड मिळत नाही. खरं होतं ते. मामंजी दारात उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "या, बसा, पाणी घ्या." तेवढं म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की पुढे देवीचं दर्शन झालं काय आणि राहिलं काय. पुढे सासूबाई गेल्या, मार्गशीर्षात, कुंकू लेऊन. त्यानंतर मामंजी पाच महिने एकटे होते. वैशाखात मी त्यांना न्यायला आले तर चूल दिवसातून एकदा पेटत होती आणि सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. तेव्हा ते काही न बोलता माझ्याबरोबर आले. त्याला आता सव्वा वर्ष झालं. काल अविधवा नवमी, सासूबाईंचं श्राद्ध. ते इथेच व्हावं म्हणून आम्ही दोघं आलो, आणि येताना कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत मामंजींनी ते राहण्याचं काढलं.

कुर्डुवाडीला छोटी गाडी लागते, बार्शीवरून येडशीला जाणारी. आमचे हे, म्हणजे वसंतराव, उस्मानाबादच्या कचेरीत होते तेव्हा त्याच गाडीने माझं येणंजाणं असायचं. मी तिच्याकडे बघत होते. नवं लग्न, येडशीच्या फलाटावर यांनी आणलेला पेरू, असलंच काहीतरी आठवत होतं, आणि तेवढ्यात मामंजी बोलले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला. "सूनबाई, तुमच्याकडं काही कमी न्हाय. पण आयुष्यभर मी लोकांना बसा म्हटलं. आता रोज मलाच कुणीतरी बसा म्हणतंय. पाहुणा व्हायला मला जमत न्हाय." आमची कोळी घरमालकीण, नाखवीण, त्यांना बसा म्हणायची, हे म्हणायचे, आमची एवढीशी चंदू शाळेतून आली की "आजोबा बसा, मी आणते" म्हणायची. मीही दिवसातून दहादा म्हणत असेन. प्रेमानंच म्हणत होतो आम्ही. त्या म्हाताऱ्या माणसाला आमच्या प्रेमाने घरचा पाहुणा करून टाकलं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

वेसाव्याला आम्ही गेलो त्याचीही एक गंमतच आहे. निजामाच्या वेळी कचेरीचा कारभार उर्दूत, म्हणून यांनी जिवापाड उर्दू शिकून घेतलं. मग आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, उर्दूचं दफ्तर बासनात गेलं, आणि ज्यांचं अक्षर सुंदर होतं त्यांना कुठेतरी बसवायचं म्हणून यांची बदली मुंबईला, मासेमारीच्या खात्यात झाली. घरात कुणी कांदासुद्धा चातुर्मासात शिवत नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मामंजी मात्र पान लावता लावता म्हणाले, "भवानीच्या उपाध्याचा पोरगा मासळीवर नेमला. बरं हाय की. दहा अवतारांत पहिला मत्स्यच हाय." शहरात जागा परवडेना. खात्याच्या कामानं हे ज्या नाखव्याकडे जायचे, त्याच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या, अगदी खाडीला लागून. दार उघडलं की पायरी, पायरीखाली वाळू, वाळूत होड्या. मी माझा पहिला दिवस विसरणार नाही. सकाळी दार उघडलं तर पाणी पायरीपर्यंत, होड्या डोलताहेत, मी हरखून गेले. दुपारी पुन्हा दार उघडलं तर पाणी नाही. चिखल, आणि त्यात म्हशी बसाव्यात तशा कलंडलेल्या होड्या. आमच्याकडे एका दिवसात तळं आटलं तर माणसं गाव सोडायच्या गोष्टी करतात. मी पळत नाखविणीकडे गेले आणि विचारलं, पाणी कुणी सोडलं? ती जाळं विणत होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "येल गो बाय, संध्याकाली येल." मग ती इतकी हसली, की तिला सुई खाली ठेवावी लागली. संध्याकाळी पाणी खरंच आलं. मी पायरीवर बसून ते येताना पाहिलं आणि मला का कोण जाणे रडू आलं. एवढं गेलेलं काही परत येतं, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

माझं माहेर नळदुर्गचं. आमच्याकडेही पाणी आहे, नाही असं नाही. किल्ल्यातल्या बोरी नदीवर बांध आहे, आणि पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळायला लागलं, की आम्ही मुली त्याच्या पोटातल्या महालात उभ्या राहून तुषार अंगावर घ्यायचो. वडील किल्ल्याच्या दारात उभे राहून आवाज देत असायचे, की आता पुरे. ते गेले, वर्षात आईही गेली. भाऊ हैदराबादेला नोकरीला होता, त्याने घर विकलं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण आता सोलापूरहून हैदराबादच्या सडकेने जाणारी बस नळदुर्गला थांबली तरी मी उतरत नाही. 'कधी आलीस' असं विचारणारं तिथे कुणी उरलेलं नाही. नऊ वर्षं झाली. बाकीच्या बायका माहेरी जाऊन आल्या की त्यांच्या बोलण्यात चार दिवस एक वेगळाच ताठा असतो. तो मला ओळखू येतो. मी त्यावर थट्टा करते, आणि त्या चार दिवसांत मला त्यांचा राग येतो, हेही खरं.

मामंजी कुशीवर वळले. घोंगडीचा केसाळ वास सगळ्या खोलीत भरला होता. सध्या देवीची निद्रा चालू आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती थेट घटस्थापनेला उठते. देवी पलंगावर असताना आपण पलंगावर निजायचं नाही, गादी घ्यायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. नवरात्रातही तेच. मामंजींनी तर तो जन्मभर पाळला, आणि गेल्या वर्षी वेसाव्याला पाळला तेव्हा काय झालं ते आठवलं, की मला अजून एकटीला हसू येतं. अष्टमीला सकाळी त्यांनी खाटा भिंतीला उभ्या केल्या, गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या, आणि आम्हा सगळ्यांना जमिनीवर आणलं. ह्यांनी कुरकुर केली. जमीन दमट आहे, म्हणाले. मामंजी म्हणाले, देवी दमट जमिनीचा विचार करत बसत नाही. अमावास्या जवळ आली तशी नाखवीण दोनदा सांगून गेली, की उधाण आहे, सामान वर ठेवा. मामंजींनी मान डोलावली. त्यांचा समज असा, की उधाण म्हणजे समुद्रात मोठ्या लाटा येतात, आणि समुद्र आपला तिकडे आहे. तिच्या समाधानासाठी आम्ही पिठाचा डबा तेवढा फळीवर ठेवला.

अमावास्येच्या दुपारी हे ऑफिसात होते. चंदूला ताप होता म्हणून ती घरी. आम्ही तिघं जेवून जमिनीवर लवंडलो. मला जाग आली ती वेणी गार लागली म्हणून. हात टेकला तर पाणी. दाराच्या फटीतून ते असं निवांत आत येत होतं, जसं काही आपलंच घर आहे. मी ओरडायच्या आत मामंजी उठून बसले. धोतर भिजलेलं, घोंगडी भिजलेली, आणि डोळे नीट उघडायच्या आत पहिलं वाक्य, "घागर कुणी लवंडली?" मी सांगायला लागले, पण ते ऐकेनात. तुळजापूरच्या घरात जमिनीवर पाणी दिसलं, की त्याचा अर्थ एकच असतो. ते मला म्हणाले, सूनबाई, पाणी असं सांडू नये, फडकं घ्या, पिळून घमेल्यात भरा, झाडांना होईल. आणि स्वतः पंचा घेऊन समुद्र टिपायला बसले. पिळताहेत, घमेल्यात घालताहेत, पुन्हा टिपताहेत. पाणी त्यांच्या घोट्यावर चढलं तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे आपलं न्हाय वाटतं." चंदू ताप विसरून खाटेच्या पायावर चढून टाळ्या पिटत होती. तोवर नाखवीण गुडघाभर पाण्यातून आली, तिने चंदूला खांद्यावर टाकलं आणि नाखव्याने छोटी होडी दाराशी आणली. मामंजींनी देवीचे टाक डोक्यावर धरले आणि होडीत उतरले. नाखव्याने त्यांना आडव्या फळीवर बसायला सांगितलं. ते बसेनात. देवी निजलेली असताना असं उंचावर कसं बसायचं? शेवटी ते होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात मांडी घालून बसले, टाक डोक्यावर तसेच. नाखवीण हसली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि टाकांना नमस्कार केला. त्या नमस्कारापासून मामंजी तिला 'बाई' म्हणायला लागले.

पाणी तासाभरात ओसरलं. मामंजींनी मात्र दोन दिवस पायरीवर पाऊल ठेवलं नाही. मला वाटलं, आता गाशा गुंडाळणार. तिसऱ्या दिवशी बघते तर भिजलेलं पंचांग उन्हात पानं सुटी करून वाळत घातलेलं आणि मामंजी पायरीवर बसून बोटं मोजताहेत. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. हे किनाऱ्यावर पोरासोरांना ठाऊक असतं, पण मामंजींना ते सापडलं तेव्हा त्यांचा चेहरा त्या 'या, बसा' वेळचा झाला होता. मला हाक मारून सांगितलं, की हा समुद्र वाटतो तसा आडदांड नाही, पंचांग पाळतो. कचेरीतल्या माणसांना आज तिथी कोणती हे ठाऊक नसतं, आणि हा बघा, न चुकता दोन वेळा येतो. त्यानंतर त्यांचं आणि खाडीचं जमलं. पहाटे पोथी झाली, की पायरीवर जाऊन पाणी वेळेवर आलं का बघायचे, आणि आलं की शाळेतल्या हुशार पोराकडे बघावं तसं बघायचे. मी चुलीपाशी बसून हे बघत असे. मला या माणसाचा फार लळा लागलाय. माझे वडील किल्ल्याच्या दारातून आवाज द्यायचे तसा आवाज आता मला तो एकच येतो, "सूनबाई, पाणी चढलं, वाळत घातलेलं काढा."

आणि तो आवाज आता इथे राहणार होता. इथे कुणासाठी? यजमानांच्या बसगाड्या सकाळी सोलापूरहून येतात, संध्याकाळी परत जातात. राहणारे लॉजमध्ये राहतात, तिथे खोलीत दिवा आहे, नळ आहे. तीन दिवसांत आमच्या दारात एक विजापूरकडचं म्हातारं जोडपं आलं, तेही पत्ता विचारायला. मामंजींनी त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं. ते पाणी पिऊन लॉजवर गेले. मामंजी बराच वेळ तांब्या हातात धरून दारात उभे होते. मी आतून बघत होते. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, की चला. पण ज्याला आपण पाहुणा करून टाकलं, त्याला चला तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

ऊन माडीच्या जिन्यावर आलं तेव्हा मामंजी उठले. तोंड धुतलं, घोंगडी घडी करून ठेवली, आणि शेजारच्या शारदाकाकूंना हाक मारली. शारदाकाकू म्हणजे इथल्या शाळेतल्या मास्तरांची बायको, सासूबाईंची जिवाभावाची. त्या आल्या त्या हातात ताट घेऊन. ताटात तांदूळ, खण, नारळ, हळदीकुंकू. मला समजेना. त्यांनाही ते फारसं पटलेलं दिसत नव्हतं. पितृपक्षात ओटी भरायची म्हणजे काय, असं त्या पुटपुटत होत्या. मामंजींनी ऐकलं. "लेकीला पितृपक्ष लागत न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, पण माझ्या पायांकडे बघत, "नऊ वर्षं तुझी ओटी कुणी भरली न्हाय. मला ठाऊक हाय. आजपासून हे तुझं माहेर. वर्षातून दोनदा यायचं, चंदूला आणायचं. मी इथंच असेन."

मी पाटावर बसलेसुद्धा होते. काकूंनी बोटाला कुंकू लावलं होतं आणि माझा पदर आपोआप पुढे आला होता. नऊ वर्षांत त्या पदराला कुणी हात लावला नव्हता, तरी त्याला कसं पुढे व्हायचं ते ठाऊक होतं. मला वाटलं, घ्यावं. पोटभर रडावं, नारळ पदरात बांधावा, बसमध्ये शेजारणीला सांगावं, माहेराहून चाललेय. हे सगळं मला हवं होतं, तोंडाला पाणी सुटावं इतकं हवं होतं. आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं, की मामंजी काय करताहेत. सुनेचं घर म्हणजे मुलाचं घर, म्हणजे आपलंच. तिथे म्हातारा माणूस हक्काने मरेपर्यंत राहतो. लेकीकडे कुणी बाप राहायला जात नाही. गेलाच तर चार दिवस, तेही पाहुणा होऊन. नारळ माझ्या ओटीत पडला, की मी लेक, आणि वेसाव्याचं दार त्यांना कायमचं बंद. एवढं प्रेमाने कुणी दार लावून घेतलेलं मी पाहिलं नाही. कुठलाही श्लोक म्हटला असता तर मी वाद घातला असता. हे उत्तर त्यांनी फार जपून शोधलं होतं.

मी पदर मागे ओढला आणि कमरेला खोचला. काकूंचा हात तसाच हवेत राहिला.

"मला ओटी नको, मामंजी."

"असं म्हणू नये," काकू म्हणाल्या.

"मला माहेर हवंय," मी म्हणाले. "नऊ वर्षं हवंय. पण या भावात नको. लेकीकडं बाप पाहुणा असतो. मी सून हाय. माझं घर ते तुमचं घर. तिथं तुम्हाला आम्ही बसा म्हणत होतो, ते चुकलं आमचं. तिथं आल्यागेल्याला बसा तुम्ही म्हणायचं. तुम्ही न्हाय म्हटलं, तर त्या घरात कुणी म्हणायचं? माझ्या सासऱ्याचं घर हाय ते."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी संबळ वाजवत गेलं, त्याचा आवाज महाद्वाराकडे जाऊन विरला. काकूंनी ताट खाली ठेवलं आणि उगाच तांदूळ सारखे करत बसल्या. मला वाटलं, मी फार बोलले. सासऱ्याला असं बोललेली मी या घराण्यातली पहिलीच सून असेन. पण मागे घ्यावं असं त्यात मला काही सापडेना. मामंजींनी एकदा माडीच्या जिन्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. त्यांची मान किंचित हलली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

मग त्यांनी वाकून ताटातला नारळ उचलला. हातात फिरवून पाहिला, शेंडी ओढून काढली. उंबरठ्याबाहेर गेले आणि पायरीच्या दगडावर नारळ वाढवला. एकाच दणक्यात दोन शकलं झाली, पाणी पायरीवरून खाली ओघळलं. माणूस लांबच्या वाटेला निघाला, की आमच्याकडे पायरीवर असाच नारळ वाढवतात. काकूंनी पदराने डोळे टिपले. मामंजींनी जानव्याला बांधलेली घराची किल्ली सोडली आणि त्यांच्यापुढे धरली.

"मास्तरांना म्हणावं, अधूनमधून माडीची खिडकी उघडत जा," ते म्हणाले. "घट आम्ही तिकडं बसवू. देवी उठली, की तिला सांगा उपाध्ये कुठं गेलेत ते."

मग एक शकल फोडून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला. मी कमरेला खोचलेला पदर सोडवला, दोन्ही हातांवर पसरला आणि तो तुकडा पदरात घेतला.